मागल्या घरचा करंट

बाळाबाईला भांडता येत नसे. राजमतीबाईंची आपल्या धाकट्या जावेबद्दल मुख्य तक्रार हीच होती; बाकीच्या लहानसहान तक्रारी या एकीच्या पोटात मावत होत्या. जाऊ भांडखोर असली की बरं असतं. चार शब्द आपण बोलावेत, चार तिने बोलावेत, गल्लीने ऐकावेत, आणि दिवस मावळायच्या आत जेवून मोकळं व्हावं. बाळाबाईचं तसं नव्हतं. ती ऐकून घ्यायची. मधल्या भिंतीशी उभं राहून राजमतीबाईंनी घसा कोरडा होईपर्यंत तिचं माहेर, तिचा स्वयंपाक आणि तिची बसायची पद्धत काढली, तरी पलीकडून सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज तेवढा यायचा. पाखडण्याची लयसुद्धा चुकायची नाही. भांडायला उभ्या राहिलेल्या बाईचा याहून मोठा अपमान कुठला?

आणि अशा बाईने आयुष्यात एकदाच तोंड उघडलं, ते नेमकं बस्तीत. बस्ती म्हणजे पेठेतलं जैन मंदिर. सकाळची पूजा आटपून बायका पायऱ्यांवर टेकल्या होत्या, पाणी गाळण्याचा विषय निघाला, आणि बाळाबाई म्हणाली, "आमच्या आक्कांच्या गाळायच्या फडक्याला भोक पडलंय."

बस, एवढंच. रागाने नाही, हसून नाही. आज आमटी केलीय म्हणावं, तसं.

मगदुमांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय चुलीपर्यंत जात नसे. राजमतीबाई दुसरी शिकलेल्या, पण पाण्यातला जीव सांभाळायच्या कामात पेठेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नव्या सुना फडकं दुहेरी कसं धरायचं ते त्यांच्याकडे शिकायला येत. त्यांच्या फडक्याला भोक! ते फडकं त्यांनी टाकून दिलं नाही. धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. कधी कुणाला दाखवायची वेळ आलीच तर असावं. इतक्या वर्षांत ती वेळ आली नव्हती, आणि त्यांनीही आणली नव्हती.

त्याच आठवड्यात राजमतीबाई चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढे जाऊन बसल्या. म्हणाल्या, "महाराज, नियम द्या. त्या घरचं पाणी, मीठ, विस्तव, मरेपर्यंत काय घेणार न्हाई."

महाराज म्हणाले, असा नियम नसतो. राग सोडायचा नियम घ्या.

राजमतीबाई म्हणाल्या, एवढा जड झेपायचा नाही, जरा हलका द्या.

तेव्हा महाराजांनी त्यांना वर्षभर वांगं सोडायला सांगितलं. राजमतीबाईंनी वांगं सोडलं, आणि तिथून उठून देवापुढे उभं राहून, महाराजांना न विचारता, आपला मूळचा नियमही घेऊन टाकला. मोठ्याने घेतला. पायरीवरच्या सगळ्या बायकांनी ऐकला. वांग्याचं वर्ष कधीच संपलं. हा दुसरा नियम मात्र आठ-नऊ वर्षं अखंड चालू होता, आणि राजमतीबाईंनी घेतलेला नियम मोडत नाही, हे पेठेत पोरासोरांनाही ठाऊक होतं.

घर तसं एकच. दोघींचे नवरे होते तेव्हाच मधे भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले. पुढचं राजमतीबाईंचं, पुढल्या गल्लीला तोंड असलेलं. मागचं बाळाबाईचं, मागल्या गल्लीला तोंड असलेलं. नवरे गेले, भिंत राहिली. वर दोन गच्च्या, मधे कमरेएवढा कठडा. पुढल्या गल्लीची वीज एका डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, यायची, मागल्या गल्लीची दुसऱ्या. म्हणजे दोघींच्या घरात अंधारही एका वेळी होत नसे.

दोन हजार आठ साली ज्ञानू केबलवाला राजमतीबाईंच्या दारात आला. इतकी वर्षं तो टीव्हीचं केबल द्यायचा. आता नेटही द्यायला लागला होता.

"आक्का, सगळ्या गल्लीत तुमची गच्ची उंच. तितं एक डबा बसवतो. माझी लाईन डब्यात येणार आणि डब्यातनं घरोघर जाणार."

"डब्यात काय असतंय?"

"नेट वाटून द्यायचं यंत्र. एक वायर आत येती, सात भाईर जात्यात."

"म्हंजे पंगतीतला वाढपी."

"तसंच की! फकस्त तुमचा एक प्लग लागंल. कायमचा चालू."

इथे बोलणं अडलं. राजमतीबाईंच्या घरात कायमचं चालू असं काही नसे. झोपायला जाताना, बस्तीला जाताना आणि आभाळात गुरगुर झाली की त्या जिन्याखालच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढायच्या. फार वर्षांमागे एका वळवात वीज पडून समोरच्या घरातला टीव्ही फुटला होता. तो फुटताना त्यांनी ऐकला होता. त्या दिवसापासून फ्रीजमधलं दूध किती वेळा नासलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण मगदुमांच्या घरातली एकही वस्तू विजेने फुटली नाही.

"प्लग मिळायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "गच्ची घे. हवा घे. ऊन घे. खटका कायमचा चालू न्हाई ऱ्हाणार माझ्या घरात."

भूपालने, त्यांच्या मुलाने, मधे तोंड घालून बघितलं. तो इचलकरंजीच्या सुताची दलाली करायचा आणि सुताचे भाव आता नेटवर कळतात म्हणे. "आई, अगं सगळ्यांच्या घरात..."

"सगळ्यांच्या घरात काय काय असतंय ते मी काढू काय आता?"



दोन दिवसांनी ज्ञानू परत आला, तो हसतच. "आक्का, प्लग नको. डबा वायरीतनंच करंट घेणार."

"वायरीतनं नेट जातंय म्हणलास."

"जातंय की. बघा," असं म्हणून त्याने निळ्या वायरीचं टोक सोलून दाखवलं. आत रंगीत केसांसारख्या तारा होत्या, जोडी जोडीने पीळ घातलेल्या. "ह्यात आठ तारा. नेटला चार पुरत्यात. चार नुसत्या बसून असत्यात. त्या चारांतनं करंट सोडायचा. नेट आणि करंट एकाच वायरीतनं. डब्याला वेगळा प्लग नको, बोर्ड नको, काय नको."

हे राजमतीबाईंना फार पटलं. "बरं केलंस. रिकामं बसलेलं कुणी मला खपत न्हाई."

करंट येतो कुठून, हे त्यांनी विचारलं नाही. ज्ञानूने सांगितलं नाही. भूपाल तेवढा वेळ खाली वाकून चप्पल शोधत होता. चप्पल त्याच्या पायातच होती.

डबा बसला. लोखंडी, राखाडी, कठड्याला बोल्टने आवळलेला, वरून पावसासाठी पत्र्याची पडवी केलेला. ज्ञानूने एकेक वायर खाचेत सारली की कट असा आवाज व्हायचा आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा. राजमतीबाई वेताच्या मोड्यावर बसून सगळं बघत होत्या. एका खाचेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

"ह्यो ठिपका कशाला?"

"ह्या खाचेत जी वायर, तिच्यातनं डबा करंट पिणार. बाकीच्या नुसत्या नेटच्या. ही तेवढी हलवायची न्हाई, आक्का."

"किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडं."

"माझ्या गच्चीवरच्या डब्याची किल्ली तुझ्याकडं?"

किल्ली राजमतीबाईंच्या कमरेच्या जुडग्यात आली.

तिथून पुढे आठ महिने राजमतीबाईंचे चांगले गेले. गल्लीतल्या कुणाचंही नेट अडलं की तो आधी त्यांच्या दारात यायचा. त्या त्याला बसवायच्या, पाणी द्यायच्या, त्याची आई हल्ली बस्तीत का दिसत नाही ते विचारायच्या, मग वर जाऊन डबा उघडून बघायच्या आणि खाली येऊन सांगायच्या, "दिवा हाय. तुझ्याच घरात काय तर बिघडलंय." हे बहुतेक वेळा खरं निघायचं. लोडशेडिंगचा काळ होता; संध्याकाळी पुढली गल्ली गप्पकन काळी व्हायची, पण गच्चीवरचा डबा मात्र हिरवा लुकलुकत असायचा. राजमतीबाई बायकांना मुद्दाम वर नेऊन दाखवायच्या. "लाईट जाईल, पण आमचं नेट जायचं न्हाई." बस्तीत तर त्या दर रविवारी सांगायच्या. लाईट गेल्यावर गल्लीतले कॉम्प्युटर बंदच असायचे, त्यामुळे नेट आहे की नाही हे तपासायला कुणी जात नसे. पण दिवा होता, आणि तो आपल्या गच्चीवर होता, एवढं पुरे होतं.

मग उन्हाळा लागला आणि लोडशेडिंगच्या वेळा बदलल्या.

एका दुपारी घरात पंखा चालू, गल्लीत सगळीकडे लाईट, आणि बस्तीतल्या पुजाऱ्यांचा, उपाध्यांचा मुलगा दारात: "आक्का, नेट गेलं." त्याच्यामागे आणखी दोघे. राजमतीबाई वर गेल्या. डबा मेलेला. एकही दिवा नाही. त्यांनी कुलूप उघडलं, फुंकर मारली, झाकण आपटलं. काही नाही. ज्ञानूला फोन लावला तर तो म्हणाला, "येतंय आक्का, थोड्या वेळानं येतंय," आणि हे तो अशा आवाजात म्हणाला, जशा आवाजात भूपाल लहानपणी 'मी न्हाई' म्हणायचा.

राजमतीबाई उन्हात मोडा टाकून डब्यासमोर बसून राहिल्या. आता त्यांना गल्लीत तोंड दाखवायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने मागल्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू झाली. टुक टुक टुक. आणि त्या पहिल्या टुकबरोबर डब्यातले सगळे दिवे एकदम लागले.

राजमतीबाई हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या त्याच वेळी पुन्हा मोडा घेऊन बसल्या. गिरणी थांबली. डबा विझला.

मग त्यांनी लाल ठिपक्यातली वायर बोटांत धरली आणि तिच्यामागे निघाल्या, गोधडी शिवणारी बाई दोरा चाचपत सुई शोधते तशा. वायर डब्यातून बाहेर आली, कठड्यावरून पलीकडे गेली, बाळाबाईच्या गच्चीच्या कडेने सरळ धावली, पाईपला दोन वेढे घेऊन खाली उतरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरली. खिडकीतून सुपात पाखडल्याचा आवाज येत होता.

भूपाल जेवायला बसला होता. राजमतीबाई ताटासमोर उभ्या राहिल्या.

"भूपाल, गच्चीवरचा डबा कुणाचं खातोय?"

भूपालने घास खाली ठेवला. "काकूंचं."

"कधीपास्नं?"

"पहिल्या दिवसापास्नं. तू प्लग दिला न्हाईस, तर ज्ञानू म्हणला, मागल्या घरात काळी डबी लावतो आणि तिथनं करंट वर सोडतो. काकूंच्यात त्यांच्या पारसचा कॉम्प्युटर हायच. त्यांची नेटची वायर वर जाणारच होती."

"आणि ती काय म्हणली?"

"म्हणल्या, घ्या की. फकस्त आक्कांना सांगू नका."

हा चांगुलपणा की अपमान, यावर राजमतीबाईंनी थोडा विचार केला. अपमानच.

"आठ म्हैनं," त्या म्हणाल्या, "आठ म्हैनं त्या घरचा विस्तव माझ्या गच्चीवर जळतोय."

"आई, विस्तव न्हाई तो, करंट हाय."

"पेटलेला बल्ब मुठीत धरून बघ, म्हंजे कळंल विस्तव हाय का न्हाई."

"आणि आपण बी काकूंना देतोयच की. नेट आपल्या डब्यातनं तिकडं जातंय. ती करंट देती, आपण नेट देतोय. एकाच वायरीत दोन्ही."

"म्हंजे देवाणघेवाण बी सुरू केलास वर. जेव गप."

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर, बायका पायरीवर जाईपर्यंत त्या आत रेंगाळल्या. बस्तीतले उपाध्ये समईची वात सारखी करत होते.

"उपाध्ये, एक विचारायचं होतं. समजा एका बाईनं नियम घेतला, की अमक्या घरचं काय घ्यायचं न्हाई. आणि तिच्या नकळत, त्या घरचं काय तर तिच्याकडं येत ऱ्हायलं. नियम मोडला काय?"

"तिला ठाऊक होतं?"

"न्हवतं."

"मग न्हाई मोडला."

राजमतीबाईंनी श्वास सोडला.

"आता ठाऊक हाय?" उपाध्यांनी विचारलं.

"हाय."

"मग आजपास्नं मोडला. न्हाईतर तिनं डब्याची वायर काढावी."

"मी डबा म्हणलोच न्हाई."

"राजमतीबाई," उपाध्ये वातीवरून नजर न काढता म्हणाले, "माझ्या पोराचं नेट त्याच डब्यातनं येतंय. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय."

म्हणजे दर रविवारी पायरीवर ज्या बायका माना डोलावत होत्या, त्या कशासाठी डोलावत होत्या ते राजमतीबाईंना आत्ता कळलं. त्या बस्तीच्या मागल्या दाराने निघून घरी आल्या.

वायर काढून टाकावी, तर गल्लीचं नेट जाणार, आणि ते राजमतीबाईंनी घालवलं असं होणार. न काढावी, तर नियम जाणार. त्यांनी ज्ञानूला बोलावून घेतलं.

"प्लग देतो," त्या म्हणाल्या. "माझ्या घरचा. कायमचा चालू."

ज्ञानूने आधी भूपालकडे बघितलं. मग गुपचूप तसलीच दुसरी काळी डबी आणून जिन्यातल्या बोर्डाला लावली, वर डब्यातल्या दोन वायरींची अदलाबदल केली. भूपालच्या खोलीतली, त्या डबीतून वर गेलेली वायर लाल ठिपक्यात आली, मागल्या घरची शेजारच्या खाचेत. मागल्या घरच्या डबीचा खटका बाळाबाईला बंद करायला सांगितला. तिचं नेट चालूच राहिलं. करंट तेवढा आता इथला.

"पण आक्का, मेनचा दांडा आता खाली वडायचा न्हाई. तुमी वडला की गल्ली गेली."

"न्हाई वडत."

त्या रात्री मेन चालू राहिल्यामुळे राजमतीबाईंची झोप झाली नाही. बस्तीला निघाल्या आणि अर्ध्या वाटेतून परत आल्या, दांड्याकडे बघितलं, पुन्हा गेल्या. पण नियम शाबूत होता. रविवारी पायरीवर त्यांनी डब्याचा विषय काढला नाही, आणि दुसऱ्या कुणीही काढला नाही. हे न काढणं त्यांना चांगलंच ऐकू आलं.

मे महिन्यातल्या त्या दिवशी सकाळी भूपाल म्हणाला, "आज पारसच्या लेकीचं उष्टावण. मस्कतहून कॉम्प्युटरवर दाखवणार हायत. काकूंनी हितं बी खीर केलीया."

"मला काय त्याचं?" राजमतीबाई म्हणाल्या. बाळाबाईचा हा मुलगा, आता मस्कतला असलेला पारस, त्यांच्या मांडीवर वाढला होता. त्याचं उष्टावण झालं तेव्हा पहिला घास भरवून झाल्यावर त्याने राजमतीबाईंच्या पदरावर उलटी केली होती. त्याच्या लेकीचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुपारनंतर आभाळ काळवंडलं. गच्चीवर कुरडया वाळत होत्या. राजमतीबाई जिन्याकडे निघाल्या, तेवढ्यात लांब कुठेतरी ढग गुरगुरला. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि दांडा खाली आला. खाड. पंखा गरगरत थांबेपर्यंत त्यांना आपण काय केलं ते समजलं नाही.

समजल्यावरही त्यांनी तो वर केला नाही. नियम देवापुढे घेतलेला होता हे खरं. पण ढग आत्ता डोक्यावर होता.

त्या गच्चीवर आल्या. डबा मेलेला. खालून कुणीतरी ओरडलं, "आक्का, नेट गेलं ओ!" त्यांनी तिकडे लक्ष न देता कुरडया गोळा करायला सुरुवात केली. मागल्या गल्लीत गिरणी चालली होती. टुक टुक टुक. तिकडे लाईट होती.

पलीकडच्या गच्चीचं दार वाजलं. बाळाबाई वर आली होती. नवं लुगडं नेसलेली, हातात खिरीची वाटी. पोर तिकडे खाणार आणि ही इकडे पडद्यासमोर वाटी धरून बसणार होती, एवढं राजमतीबाईंच्या लगेच ध्यानात आलं. बाळाबाई कठड्याशी येऊन उभी राहिली. तिने डब्याकडे बघितलं. मग राजमतीबाईंकडे बघितलं. आणि, सवयीप्रमाणे, काही बोलली नाही.

राजमतीबाई वाट बघत होत्या. हिने आत्ता म्हणावं, की मुद्दाम केलंत. म्हणावं, की नातीचा घास अडवलात. एवढं म्हटलं असतं तर उत्तर तयार होतं. आठ-नऊ वर्षं तयार होतं. बाळाबाई वाटी धरून उभी. खिरीवर वाऱ्याने धूळ बसू नये म्हणून तिने तळहात आडवा धरला होता.

पुन्हा गुरगुर झाली, जरा जवळ.

राजमतीबाईंनी कुरडयांची पाटी खाली ठेवली. कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढली, डबा उघडला. लाल ठिपक्यातली आपली वायर काढली. शेजारची, मागल्या घरची काढली. ज्ञानूने कसं केलं ते त्यांनी मोड्यावर बसून बघितलेलं होतं. टोकावरची जीभ दाबायची, ओढायची, दुसऱ्या खाचेत सारायची. कट. मागल्या घरची वायर लाल ठिपक्यात बसली. दिवा लागला नाही. लागणार नव्हताच. त्या घरचा खटका बंद होता, आणि तो त्यांनीच बंद करायला लावला होता.

आता मागितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नकळत येणं वेगळं. मागून घेणं म्हणजे नियम आपल्या हाताने मोडणं. उद्या उपवास धरावा लागणार. वांगंही पुन्हा सोडावं लागेल कदाचित, आणि या खेपेला सोबत आणखी काहीतरी.

"बाळाबाई," त्या म्हणाल्या.

बाळाबाई दचकली. वाटी हिंदकळली.

"खिडकीतल्या त्या काळ्या डबीचा खटका दाब."

बाळाबाई जागची हलली नाही. "तुमच्या नियमाचं?"

"नियम माझा हाय. तू खटका दाब."

"बरं."

"आणि थांब. मला आठ म्हैनं सांगितलं का न्हाईस?"

बाळाबाईने वाटी दुसऱ्या हातात घेतली. "तुमी दर आयतवारी बस्तीत सांगत होता, लाईट जाईल, पण आमचं नेट जायचं न्हाई. ऐकायला बरं वाटत होतं मला." आज आमटी केलीय म्हणावं, तसं म्हणाली. पण तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला होता, आणि तो राजमतीबाईंनी नेमका टिपला.

म्हणजे हिला येत होतं. सगळं येत होतं. आठ महिने ही त्या सुपामागे बसून हसत होती. हे भांडण होतं. बारकं होतं, पण भांडणच होतं. राजमतीबाईंच्या छातीवरचं काहीतरी हललं आणि त्यांना एकदम भूक लागली.

बाळाबाई खाली पळाली. डब्यात एक दिवा लागला, मग दुसरा, मग सगळे. खालच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "आलं!" खिडकीतून लहान पोरीच्या रडण्याचा आवाज आला, बारीक, तुटक, मस्कतहून आलेला. मग बाळाबाई पुन्हा वर आली, धापा टाकत.

"आक्का, या की. अजून घास दिला न्हाई, थांबलेत तिकडं. पारस विचारतोय, मोठी आई कुठं हाय म्हणून."

राजमतीबाईंनी डब्याला कुलूप घातलं. किल्ली जुडग्यात अडकवली. कुरडयांची पाटी जिन्यात आत सारली. मग लुगड्याचा काष्टा सावरला, कठड्यावर हात टेकला आणि पलीकडे पाय टाकायच्या आधी जावेच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"येतो. पाण्याचा तांब्या माझा मी मागनं आणतो. पण एक ऐक, बाळाबाई. फडक्याला भोक न्हवतं. विरलेलं होतं. विरलेलं आणि भोक यात फरक असतोय. तो फरक तुला अजून कळला न्हाई, म्हणून तू ह्या घरात धाकटीच ऱ्हायलीस. आता सर बाजूला, मला उतरू दे."